चेक केलं, ओके आहे

देशातली वाहनं रस्त्यावर यायच्या लायकीची आहेत की नाहीत हे ठरवण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांतली एक आमच्या नगरला आहे. तिचं नाव व्हीआरडीई. संरक्षण खात्याची ही संशोधन संस्था फाळणीच्या वर्षी रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून इथं आली आणि इथलीच झाली. नगरकरांना ती अगदी घरची वाटते. म्हणजे आत काय चालतं ते कुणालाच ठाऊक नसतं. लष्कराच्या गाड्या तर तिथं असतातच, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाखाली तुमच्याआमच्यासारख्यांची वाहनंही तपासली जातात. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट याच पंक्तीला बसणाऱ्या. गावात रणगाडादलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. १९७२ साली फिरोदियांची लुना जन्माला आली तीही इथंच. इंजिन या विषयात आमच्या गावाला अडाणी म्हणायची कुणाची छाती नाही.

आणि अशा गावात राहून आमच्या नव्याकोऱ्या गाडीच्या इंजिनात दोष आहे की नाही, एवढं एक ठरायला दुसरा दसरा उजाडला.

गाडी पहिल्या दसऱ्याची. कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांच्याकडे तीच गाडी आहे ते ओळखतील, आणि ज्यांच्याकडे दुसरी आहे त्यांनाही ही हकिकत आपल्याच कंपनीची वाटेल, तेव्हा नावावाचून काही अडत नाही. शोरूमवाल्यांनी गाडीवर साटिनचा लाल पडदा टाकला होता. तो आम्ही उभयतांनी दोन बाजूंनी ओढला. मग आमच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली दिली, फोटो काढला आणि किल्ली लगेच काढून घेतली, कारण मागचं कुटुंब खोळंबलं होतं. माळीवाड्याच्या विशाल गणपतीपुढं नारळ फुटला, गल्लीत पेढे गेले. एमएच १६ चा नंबर आला. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं तरी हा सोळा आकडा जागचा हलला नाही, याचं काही जुन्या नगरकरांना उगाचच बरं वाटतं, मलाही वाटतं.

मोहटादेवीला निघालो तेव्हा गाडीत पाच माणसं होती. पाथर्डी रस्त्यानं करंजीचा घाट लागला. अर्ध्या चढावर मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं तो मनावरच घेतला नाही. पाय खाली जातोय, काटा जागचा हलत नाही, आणि समोरच्या काचेखाली इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागलेला. मागून एसटी आली. एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्नमधून जे सांगायचं ते सांगितलं. गाडी कशीबशी कडेला घेतली, बंद केली, दोन मिनिटांनी चालू केली. दिवा गायब. दम परत आलेला. जणू काही झालंच नव्हतं.

“अहो, तिला देवीला यायचं नव्हतं की काय?” बायको म्हणाली.

पुढं हे वारंवार होऊ लागलं, आणि त्यात एक शिस्त होती. सपाटीला कधीच नाही. एकटा असताना कधीच नाही. माणसं भरलेली, चढ लागलेला, वरून एसी चालू, अशा वेळी हमखास. संभाजीनगरला जाताना इमामपूरच्या घाटात झालं, संगमनेरकडून पुण्याला जाताना चंदनापुरीच्या घाटात झालं. म्हणजे गाडीचा राग कुठल्या एका देवस्थानावर नव्हता.

सर्व्हिस सेंटर हे एक सुखद ठिकाण आहे. काचेचं दालन, मऊ सोफे, यंत्राचा गोडमिट्ट चहा, भिंतीवर टीव्ही, आणि काचेपलीकडे आपली गाडी वर उचललेली दिसते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणून जो मुलगा आमच्या वाट्याला आला तो माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाचा, अत्यंत नम्र. त्यानं माझं सगळं ऐकलं. टॅबवर टिपून घेतलं. गाडीला स्कॅनर लावला आणि तासाभरानं येऊन म्हणाला, “सर, कोड काहीच आला नाही.”

“पण दिवा लागला होता.”

“हो सर, पण आत्ता नाही ना.”

या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मग एक मेकॅनिक माझ्या शेजारी बसला आणि आम्ही टेस्ट ड्राइव्हला निघालो. मनमाड रस्त्यानं एमआयडीसीपर्यंत आणि परत. हा रस्ता पाटासारखा सपाट. गाडी अशी पळाली की मेकॅनिकनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी म्हटलं, करंजीला चला. तो म्हणाला, “सर, एवढं लांब टेस्टला अलाऊड नाही.” बरोबर आहे. करंजी तीसपस्तीस किलोमीटर. पण रोग घाटात आणि डॉक्टर गावात, अशी ही अवस्था. परत आल्यावर जॉबकार्डाच्या उजव्या रकान्यात इंग्रजीत दोन शब्द पडले, ज्यांचा अर्थ चेक केलं, ओके आहे. हे शब्द पुढं मला इतक्या वेळा भेटले की ते गाडीच्या नंबरइतके पाठ झाले.

शाळेत आमच्या काळी दिपोटी साहेब तपासणीला यायचे. वर्षभर छपरावर चढून कौलं फोडणारं पोर त्या दिवशी तेल लावून, भांग पाडून, हाताची घडी घालून पुढच्या बाकावर बसायचं. साहेब खूश होऊन त्याच्याच पाठीवर थाप मारायचे. साहेबांची जीप गावाच्या वेशीबाहेर गेली की पोर पुन्हा कौलांवर. आमच्या गाडीचं नेमकं तेच होतं. फरक इतकाच की पोराबद्दल साहेबांना खरं सांगणारा मी मास्तर तरी होतो. गाडीबद्दल खरं सांगणारा मी केवळ ग्राहक.

मात्र परीक्षकापुढं शहाणं वागायची ही कला आमच्या गाडीनं शोधलेली नाही. तिच्या जातीत थोरामोठ्यांनी ती फार वरच्या दर्जाची करून दाखवली आहे. शिर्डीच्या रस्त्यावर एके काळी दर दुसरी जीपगाडी टव्हेरा असायची. २०१३ च्या जुलैत जनरल मोटर्सनं १ लाख १४ हजार टव्हेरा परत बोलावल्या. सरकारी तपासणीला पाठवायच्या गाड्यांत कमी धूर सोडणारी, आधीच निवडून ठेवलेली इंजिनं बसवली जात, असं त्यात उघड झालं. म्हणजे परीक्षेला हुशार भाऊ बसवायचा आणि नोकरीला धाकट्याला पाठवायचं. दोन वर्षांनी फोक्सवॅगननं याच्याही पुढं मजल मारली. त्यांच्या डिझेल इंजिनाच्या संगणकाला आपली परीक्षा चालू आहे हे आपोआप कळायचं; तेवढ्यापुरता तो धूर आवरायचा आणि रस्त्यावर आला की मोकळा. अमेरिकेत २०१५ च्या सप्टेंबरात हे फुटलं. आपल्याकडे एआरएआयनं गाड्या तपासल्या, आणि डिसेंबरात कंपनीनं इथल्या ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. पुढं हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला, मग त्याला सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती मिळाली.

हे वाचल्यावर मला आमच्या गाडीबद्दल थोडा आदर वाटू लागला. ज्यासाठी जर्मन अभियंत्यांना संगणकाचा कार्यक्रम लिहावा लागला, ते ती निसर्गतःच करत होती.

पुढच्या फेऱ्यांत अ‍ॅडव्हायझरच्या प्रश्नांची दिशा हळूहळू बदलली. आधी प्रश्न गाडीबद्दल होते, मग माझ्याबद्दल होऊ लागले. “सर, डिझेल कुठल्या पंपावर टाकता?” मी पंप सांगितला. त्यानं “अच्छा” म्हटलं, आणि त्या अच्छामध्ये त्या पंपाची सगळी इभ्रत गेली. “गिअर कितीवर बदलता?” “गाडी जास्त गावातच फिरते का?” २०२० च्या एप्रिलपासून सगळ्या गाड्या बीएस सहाच्या झाल्या. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी एक जाळी आली, आणि ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग, जरा वेगानं पळवावी लागते. हे खरंच आहे. पण त्याचा अर्थ असा झाला की माझ्या गाडीचा दोष घालवायला मी कारण नसताना दर रविवारी सुप्यापर्यंत जाऊन यायचं. मी गेलो. सुप्याला चहा प्यालो आणि परत आलो. गाडी खूश होती. मग सहकुटुंब करंजीला गेलो, आणि दिवा लागला.

आमच्या शेजाऱ्यांची गाडी पेट्रोलची. त्यांना त्यांच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सगळं खापर इथेनॉलवर फोडायचा हलका इशारा दिला होता, कारण पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत तेच असतं. शेजारी साखर कारखान्याचे सभासद. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली त्या जिल्ह्यात माणसानं उसाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे स्वतःच्याच शेताविरुद्ध करायची. ते गप्प बसले. मायलेज गेलं तर गेलं, पण उसाचं बिल वेळेवर यावं, एवढंच त्यांचं मागणं. आमच्या डिझेल गाडीला हीही पळवाट नव्हती.

एका गोष्टीबद्दल मात्र लिहायलाच हवं. गाडी परत घेताना तो नम्र मुलगा मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचा, “सर, कंपनीकडून फोन येईल. दहापैकी किती म्हणून विचारतील. प्लीज दहाच द्या सर. आठ-नऊ दिले तरी आम्हाला झिरो धरतात, पगारातून कापलं जातं.” आता गाडी दुरुस्त झालेली नाही, पण या मुलाचा त्यात काय दोष? त्याच्या हातात स्कॅनर आहे, करंजी घाट नाही. फोन आला की मी दहा द्यायचो. फोनवरच्या बाई आनंदानं आभार मानायच्या. आणि कंपनीच्या मुख्यालयात कुठल्याशा पडद्यावर माझी गाडी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्याची नोंद व्हायची. जन्मभर पोरांचे पेपर तपासले. पण नापास झालेल्यानंच गुणपत्रिका पुढं करून गयावया करावी आणि आपण पैकीच्या पैकी द्यावेत, असा प्रसंग नोकरीत कधी आला नव्हता.

मग मी डीलर सोडून थेट कंपनीकडे जायचं ठरवलं, आणि तिथं मला अध्यात्म भेटलं. डीलर सगुण आहे. त्याला दार आहे, सोफा आहे, चहा आहे, त्याच्यावर रागावता येतं. कंपनी निर्गुण निराकार. तिला टोल फ्री नंबर आहे, त्यावर संगीत आहे, एक दाबा, दोन दाबा आहे. पण माणूस भेटेल तर शपथ. ईमेल पाठवला की आपल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो असं उत्तर क्षणार्धात यायचं. इतकं चटकन की खेद आधीच लिहून ठेवलेला असावा. खाली मात्र एवढंच, की आपली तक्रार आपल्या जवळच्या डीलरकडे पाठवली आहे. एकदा तर गाडी त्यांच्याच वर्कशॉपात उभी असताना मला मेसेज आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. मेसेज वाचून मी खिडकीतून बाहेर पाहिलं. दारात गाडी नव्हती. म्हणजे एका अर्थानं निकाल लागला होताच.

हे सगुण-निर्गुण प्रकरण नुसतं माझ्या डोक्यातलं नाही, त्याला सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. गोव्यातल्या एका ग्राहकानं २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि डीलरनं त्याच्या हाती २००९ ची, आधीच ६२२ किलोमीटर चाललेली गाडी दिली. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर डीलर आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरलं गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला मोकळं केलं. कारण कंपनी डीलरला गाडी विकून टाकते, पुढं तो विकतो. दोघांचा व्यवहार बरोबरीच्या दोन व्यापाऱ्यांचा, मालक-नोकराचा नव्हे. डीलरनं काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं असा पुरावा नव्हता. निकालाचं तर्कशास्त्र चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण जाहिरातीत नाव कंपनीचं, शोरूमच्या पाटीवर नाव कंपनीचं, पडदा ओढताना मागं फलक कंपनीचा, आणि भांडायची वेळ आली की समोर फक्त डीलर, हे पटवून घ्यायला सवय लागते.

याच सुमारास मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. माळीवाड्याकडं त्यांचं गॅरेज आहे, आता मुलगा पाहतो. माझी पहिली लुना त्यांनी इतकी वर्षं जगवली की शेवटी तिच्यात मूळचं काय उरलं होतं हा संशोधनाचा विषय झाला असता. त्या इंजिनात लपायला जागाच नव्हती. प्लग काढायचा, फडक्यानं पुसायचा, फुंकर मारायची, कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा आणि कान लावायचा. मिस्त्री बोलताबोलता बंद व्हायचे, मान तिरकी करायचे आणि “मिसिंग आहे” म्हणायचे. त्यांनी म्हटलं की मिसिंग असायचंच. कोड लागत नव्हता.

मिस्त्रींनी नव्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि हात मागं बांधले. “गुरुजी, हात नाही लावायचो. बाहेर उघडली म्हणून कळलं की वॉरंटी गेली तुमची.” मग मुलाला गाडीत बसवलं, हँडब्रेक ओढायला लावला, पाय क्लचवर अर्धा ठेवून जोर द्यायला सांगितला. इंजिन आपल्या रबरांवर एका अंगाला कललं. मिस्त्री टॉर्च घेऊन वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावलं. “ही वायर बघा. इंजिन ओढायला लागलं की झोका खातंय, तेव्हा ही त्या पत्र्याच्या पट्टीला घासती. सपाटीला इंजिन हलतंय कशाला?” तारांच्या जुडग्यावरचं काळं वेष्टन एका जागी चाटून पातळ झालं होतं, नखाएवढी जागा. तिथून एका सेन्सरची तार जात होती. चढावर, पूर्ण भारात, ती क्षणभर टेकली की संगणकाला भलताच आकडा जायचा, आणि संगणक घाबरून इंजिनाचा दम काढून घ्यायचा. बंद करून चालू केलं की तो झालं-गेलं विसरायचा. मिस्त्रींनी माझ्या फोनवर फोटो काढून दिला. पैसे घेतले नाहीत. “काम कुठं केलंय?” म्हणाले.

ज्याला कळतं त्यानं हात लावायचा नाही, आणि ज्यानं हात लावायचा त्याला कळत नाही. फोटो घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेलो. मॅनेजरांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि अतिशय सौम्यपणे सांगितलं, “सर, बाहेरच्या मेकॅनिकचं ओपिनियन आम्ही कन्सिडर करत नाही.” मी म्हटलं, ओपिनियन नाही, फोटो आहे. ते म्हणाले, “फोटो पण बाहेरचाच आहे ना सर.”

तेव्हा कायद्याकडं वळलो. ग्राहक चळवळीत अर्धं आयुष्य घातलेले आमचे एक स्नेही आहेत. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, तिथपासून ते इतिहास सांगतात, आणि सांगायला बसले की चहा दोनदा होतो. १९८६ चा कायदा, मग २०१९ चा नवा कायदा. नव्यात एक मोठं सुख आहे: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, तिला नगरला यावं लागतं. गाडीची किंमत ५० लाखांच्या आत असली की जिल्हा आयोग पुरतो; मुदत २ वर्षांची.

पण त्यातलं एक कलम वाचून मी मुक्कामच केला. वस्तूत दोष आहे की नाही हे नुसतं पाहून कळत नसेल तर आयोगानं ग्राहकाकडून वस्तूचा नमुना घ्यावा, तो सीलबंद करावा आणि योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. प्रयोगशाळेनं ४५ दिवसांत अहवाल द्यावा. तपासणीचं शुल्क ग्राहकानं भरावं. हे ३८वं कलम. ते करताना कायदेमंडळाच्या डोळ्यांपुढं हळद किंवा गोडं तेल असणार. गाडीचा नमुना कसा घ्यायचा? डावा दरवाजा काढून द्यायचा? सबंध गाडीच नमुना धरली तर तिला लाखेचं सील कुठं ठोकायचं? मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं: पांढऱ्या मांजरपाटात शिवलेली आमची गाडी, वर सुतळी, गाठीवर लाख, आणि क्रेनवरून ती वाहननगरकडे, व्हीआरडीईच्या दाराशी निघालेली. त्यांच्याकडे चढाचे रस्तेही आहेत म्हणतात. दोष पाच मिनिटांत सापडला असता. स्नेही म्हणाले, एवढं काही होत नाही, तज्ज्ञ नेमतात, तो गाडी पाहून अहवाल देतो. पण तो तज्ज्ञ शोधायचा, त्याचे पैसे भरायचे आणि त्याला करंजीच्या घाटात न्यायचं, हे बहुतेक वेळा ग्राहकाच्याच माथी येतं.

निकालही त्यांनी ऐकवले. मारुतीच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वॉरंटीत खराब भाग बदलून देण्याचं वचन असेल तर तेवढाच भाग बदलून मिळेल. सबंध गाडी नवी मागता येणार नाही. २०१० मध्ये एका फियाट गाडीच्या इंजिनाच्या तक्रारीत स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाचं मत घ्यायला सांगितलं, आणि दोष कारखान्यातलाच निघाला तर पैसे परत. म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते दोष सिद्ध करण्यापाशी. नव्या कायद्यात उत्पादकाची जबाबदारी म्हणून एक आख्खं प्रकरण आहे, त्याचं फार कौतुक झालं. पण त्यातल्या हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूची हानी वगळलेली आहे. गाडीनं तुमचा पाय मोडला तर ते प्रकरण तुमच्यासाठी आहे. गाडीनं स्वतःचंच मातेरं केलं तर जुनाच रस्ता धरा.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यानं १९८२ सालीच यावर सोपा तोडगा काढला. ठरावीक मुदतीत त्याच दोषासाठी गाडी ४ वेळा दुरुस्तीला नेऊनही दोष गेला नाही, किंवा ती दुरुस्तीपायी एकूण ३० दिवस पडून राहिली, की कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं कायदाच गृहीत धरतो. मग गाडी बदला, नाहीतर पैसे परत करा. दोष का आहे हे ग्राहकानं शोधायचं नाही. त्यानं फक्त फेऱ्या मोजायच्या. बाकीच्या राज्यांनीही मग तसे कायदे केले. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि तो असायला हवा असं माझं स्वच्छ मत आहे. इंजिन ज्यानं बनवलं त्याच्याकडं आराखडे, प्रयोगशाळा, अभियंते. ज्यानं घेतलं त्याच्याकडं हप्त्याचं पुस्तक. यांतल्या दुसऱ्यानं पहिल्याला त्याच्या इंजिनातली चूक दाखवून द्यायची, हा न्याय उफराटा आहे.

आम्हाला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. स्नेह्यांनी एक नोटीस लिहून दिली, तीन परिच्छेदांची. तिच्याबरोबर सगळ्या जॉबकार्डांच्या झेरॉक्स आणि तो बाहेरचा फोटो जोडला. रजिस्टर्ड पोस्टानं गेली. निर्गुणाला टपालखात्याबद्दल अजून काही भीती असावी, कारण पंधरवड्यात पुण्याहून एक इंजिनिअर आले. चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला विचारलं, “कुठल्या घाटात?” या प्रश्नासाठी मी किती थांबलो होतो. आम्ही करंजीला गेलो. मागच्या सीटवर वजन म्हणून वर्कशॉपातली तीन मुलं बसवली. अर्ध्या चढावर दिवा लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर साहेबांनी बॉनेट उघडलं आणि मिस्त्रींनी जिथं टॉर्च धरला होता नेमका तिथंच धरला.

सगळी वायरिंग बदलली, पट्टी अलीकडं सरकवली, एक पैसा घेतला नाही. त्यानंतर गाडी घाटात थांबलेली नाही. सोबत एक पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं की गाडीत उत्पादनाचा कोणताही दोष आढळला नाही. तथापि ग्राहकाशी असलेल्या दीर्घ संबंधांचा विचार करून सदर भाग सदिच्छा म्हणून बदलून देण्यात आला आहे. म्हणजे कागदोपत्री आमची गाडी जन्मापासून निरोगी आहे. तिच्यासारख्याच ज्या बाकीच्या गाड्या त्या कारखान्यातून त्याच पट्टीसह बाहेर पडल्या असतील, त्याही.

म्हणून वाचकांना एवढं सांगायचं आहे. जॉबकार्डावर सही करण्याआधी तुमची तक्रार तुमच्या शब्दांत, घाटाच्या नावासकट लिहून घ्या आणि प्रत घरी आणा. फोनवर दहा गुण खुशाल द्या, पोराचा पगार वाचेल; पण त्याच दिवशी लेखी तक्रारही करा. मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं आहे, १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. गाडीतल्या दोषानं माणसांना किंवा पर्यावरणाला धोका असेल आणि ठरलेल्या प्रमाणात मालकांनी तो कळवला, तर सरकार कंपनीला तसल्या सगळ्या गाड्या परत घ्यायला लावू शकतं. त्यासाठी केंद्राच्या वाहन संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे. चढावर, मागं एसटी असताना गाडीचा दम जाणं हा धोकाच आहे. सदिच्छेनं आपली एक गाडी सुधारते; बाकीच्या परत बोलवायला मालकांच्या तक्रारींचा आकडा लागतो. करंजीत तुमचाही दिवा लागत असेल, तर तुमची नोंदवा.